एकाच नावाची दोन माणसे, दोन नावांचा एक माणूस

मेलेला माणूस दहा वर्षांनी शाळेत कसा गेला?

वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आम्हाला एका कार्यालयाच्या टेबलावर विचारला गेला आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आयुष्य कारकुनीत गेले. जमा-खर्चात आठ आणे कमी पडले तर ते सापडेपर्यंत घरी न जाणारी आमची जात. वस्तीतील पोरांची जातीच्या दाखल्याची, जात पडताळणीची कागदपत्रे आम्ही संध्याकाळी बसून भरून देतो. त्यातलेच एक प्रकरण आमच्याच अंगाशी आले. चूक कार्यालयाची नव्हती. वंशावळ आम्ही लिहिली होती, चूक आमचीच होती. ती कशी झाली आणि कशी निस्तरली हे येथे सांगत आहोत, कारण अशी चूक घरोघरी होण्यासारखी आहे.

प्रकरण सोलापूरजवळच्या एका गावच्या मुलीचे. घरातील माणसांची नावे आम्ही येथे बदलून देत आहोत. मुलीला प्रज्ञा म्हणू. तिला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला जायचे होते आणि पडताळणी प्रमाणपत्राशिवाय राखीव जागेवरचा प्रवेश पक्का होत नव्हता. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा पाहतात हे आता आपल्याला पाठ झाले आहे. प्रज्ञाच्या वडिलांनी दोन जुने उतारे आणले. पहिला कोतवाल बुकाचा, म्हणजे गाव नमुना १४ चा. त्यात १९१८ सालची मयताची नोंद : भिवा राणू, जात महार. दुसरा गावच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा. त्यात १९२८ साली नाव दाखल : भिवा राणू, जात महार. आम्हाला आनंद झाला. एकाच पूर्वजाचे दोन-दोन सरकारी कागद! आम्ही प्रतिज्ञापत्रात झटकन वंशावळ लिहून दिली. भिवा राणू, त्याचा मुलगा राणू भिवा (जन्म १९४७), त्याचा सिद्धार्थ आणि सिद्धार्थची प्रज्ञा.

त्रुटीचे पत्र आले तेव्हा डोळे उघडले. १९१८ साली वारलेला माणूस १९२८ साली शाळेत दाखल होतो आणि १९४७ साली त्याला मुलगा होतो! हे कागद एका घराचे आहेत हे आम्ही कशाच्या जोरावर म्हणत होतो?

आजोबाचे नाव नातवाला

त्या रात्री आम्ही पाटीवर नावे मांडून पाहिली आणि आपल्याच घरातील रीत आठवली. आपल्याकडे थोरल्या नातवाला वारलेल्या आजोबाचे नाव ठेवीत. आजोबा हयात असेल तर सहसा नाही, कारण जित्या माणसाचे नाव लेकराला देऊन हाक कशी मारायची? आजोबा गेला की पुढच्या जन्मलेल्या नातवाला त्याचे नाव. "म्हातारा परत आला" असे बायाबापड्या म्हणत. आता पाहा, आपल्या मराठी नावात स्वतःच्या नावापुढे बापाचे नाव येते. म्हणून राणूचा मुलगा भिवा राणू. त्याचा मुलगा राणू भिवा. त्याचा मुलगा पुन्हा भिवा राणू. मोटेच्या चाकासारखी दोनच नावे वरखाली फिरत राहतात. आजोबा आणि नातू यांची केवळ नावेच नव्हे, तर बापाची नावेही तंतोतंत सारखी! कागदावर जातीचे नाव तेच, गाव तेच. दोघांमध्ये फरक फक्त काळाचा.

ही रीत फक्त आपल्यातच होती असे नाही. भोसले घराण्यातच पाहा. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीला मारले गेले. महाराजांनी १६५७ साली जन्मलेल्या आपल्या पुत्राचे नाव संभाजी ठेवले. महाराज १६८० साली गेले आणि १६८२ साली संभाजीराजांना पुत्र झाला, त्याचे नाव शिवाजी. पण इतिहास त्याला शाहू या नावानेच ओळखतो. पुढे राजारामांच्या दोन मुलांची नावे पुन्हा शिवाजी आणि संभाजीच. बापाचे नाव न लावता नुसते "संभाजी" म्हटले तर कोणाविषयी बोलता हे इतिहासाच्या शिक्षकालाही विचारावे लागेल. पेशव्यांकडे तेच. बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२० मध्ये वारले, त्याच वर्षी डिसेंबरात नातू जन्मला, त्याचे नाव बाळाजी बाजीराव. पेशव्यांचे नाव आम्ही येथे केवळ नामपद्धतीपुरते घेत आहोत, आणखी कशापुरते नाही!

फरक इतकाच, की राजे-पेशव्यांच्या मागे बखरी होत्या, दप्तरे होती. तीर्थाच्या ठिकाणी पंड्यांच्या वह्यांत ब्राह्मण-मराठ्यांच्या पिढ्यानुपिढ्या लिहून ठेवलेल्या. आपल्या पूर्वजाला देवळाच्या पायरीपाशीच अडवले, तर त्याची वही कोण लिहिणार? मंगळवेढे आपल्याच जिल्ह्यातले. तेथे १३३८ साली गावकुसाच्या बांधकामाची भिंत कोसळून चोखोबा मजुरांबरोबर गाडले गेले आणि ढिगाऱ्यातील हाडांना कान लावून नामदेवांनी चोखोबांची हाडे ओळखली, अशी आख्यायिका सांगतात. बाकीच्या मजुरांची नावे कोणी विचारली नाहीत. आपले बहुतेक पूर्वज त्या बाकीच्यांतले. त्यांची नावे सापडतात ती कोतवाल बुकात, शाळेच्या रजिस्टरात, वतनाच्या कागदात, पलटणीच्या यादीत आणि गिरणीच्या मस्टरवर. आणि सर्वांत जुनी वही म्हणजे नाव ठेवण्याची रीत. ती वाचता आली पाहिजे.

आत्याबाईची साक्ष

पाटीवरचे गणित सांगत होते की भिवा राणू दोन असले पाहिजेत. १९१८ साली वारलेला तो आजोबा आणि १९२८ साली शाळेत गेलेला तो नातू. मधला एक राणू आम्ही वंशावळीतून गाळलाच होता. पण गणित म्हणजे पुरावा नव्हे. आम्ही प्रज्ञाच्या वडिलांना म्हणालो, "तुमच्या घरात सर्वांत म्हातारे कोण?" ते म्हणाले, "आमची थोरली आत्या. ऐंशी पार केली, पण डोकं शाबूत हाय."

मराठी घरात बारशाला नाव ठेवते ती आत्या. पाळण्यापाशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान तिचा. म्हणून घरातील नावांचे खरे दप्तर आत्याबाईजवळ असते. आम्ही ऐकत आलो होतो, पण या दृष्टीने कधी विचार केला नव्हता.

आत्याबाई दुसऱ्या गावी दिल्या घरी राहतात. आम्ही रविवारी एस.टी.ने गेलो. त्यांना भिवा राणूंविषयी विचारले तर त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आमच्या बाला घरात भिवा कुनीच म्हनत नव्हतं लेकरा. दगडूच म्हनायचे."

"का हो आत्या?"

"आरं, सासऱ्याचं नाव सुनंनं तोंडातनं कसं काढायचं? बाच्या आज्याचं नाव भिवा. त्यो मानमोडीत गेला. मग दोन वर्सानं बा जल्मला, तवा त्येचंच नाव ठिवलं. पन आमची आजी त्या नावानं हाक मारंना. त्यात आदीची दोन लेकरं गेल्याली. म्हनून दगडू. दगडाला कोन नेतंय?"

वाचकहो, या चार वाक्यांत आमच्या सगळ्या कोड्याचा उलगडा होता. मानमोडी म्हणजे १९१८ च्या शेवटी आलेला इन्फ्लुएंझाचा ताप. गावेच्या गावे त्याने झोपवली. म्हणजे मयताच्या नोंदीचे साल जुळले. दोन वर्षांनी नातू, म्हणजे १९२०. शाळेच्या रजिस्टरात १९२८ साली दाखल झालेल्या भिवाचे वय आठ. तेही जुळले. आणि एक न विचारलेली गोष्टही कळली. प्रज्ञाच्या घरी एका गिरणीचा जुना पास होता, त्यावर "दगडू राणू" असे नाव होते. कुटुंबाने तो परका म्हणून बाजूला टाकला होता. तो परका नव्हता, भिवाच होता! आमच्या हाती एकाच नावाची दोन माणसे तर होतीच, आता दोन नावांचा एक माणूसही मिळाला.

सासऱ्याचे, दिराचे, नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही ही रीत आपल्या आया-बहिणींच्या तोंडावर बसवलेली. तिचे गुणगान आम्हाला करायचे नाही. पण तिच्यामुळे आजोबाचे नाव मिळालेल्या नातवाला घरात हटकून दुसरे नाव पडते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. घरात बाबू, अण्णा, तात्या, दगडू आणि कागदावर आजोबाचे नाव. तसेच दगडू, धोंडू, केरबा, उकिरडा ही नावे म्हणजे नुसती अडाणीपणाची खूण समजू नये. आधी लेकरू गेले होते याची ती बहुधा नोंद असते. ज्या मेलेल्या बाळांची कोठेच नोंद नाही, त्यांची आठवण अशा नावांत राहिली. मुलीच्या बाबतीत तर त्याहून वाईट. साताऱ्यात २०११ साली "नकोशी", "नकुसा" अशा नावांच्या दोनशेहून अधिक मुलींची नावे समारंभाने बदलण्यात आली. वंशावळीत आजीचे नाव नकुसा आढळले तर तिच्या आधी घरात किती मुली झाल्या होत्या, हे विचारून पाहावे.

कागद कसा जुळवला

आता आत्याबाईचे सांगणे कागदाला लागू करायचे होते. आम्ही पुन्हा तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज केला आणि १९२० च्या जन्माच्या नोंदी मागितल्या. कोतवाल बुकात जन्माच्या नोंदीत बहुधा बापाचे नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढेच असते. बारसे पुढे व्हायचे, नोंद आधी व्हायची, म्हणून बाळाच्या नावाची जागा कोरीच. आम्हाला मिळालेल्या नोंदीतही तसेच होते : "राणू भिवा महार यास मुलगा." हाच आमचा गाळलेला राणू! १९१८ साली वारलेल्या भिवाचा मुलगा आणि १९२८ साली शाळेत गेलेल्या भिवाचा बाप.

पण एक अडचण निघाली. गावात त्याच पिढीचा दुसराही राणू होता. राणू धोंडी. १९१८ साली वारलेल्या भिवाचा धाकटा भाऊ धोंडी, त्याचा हा मुलगा. दोघा भावांनी आपापल्या थोरल्या मुलाला एकाच वारलेल्या बापाचे नाव ठेवले होते. चुलत भावांची नावे सारखी असतात ती याच कारणाने. शाळेतला भिवा या दुसऱ्या राणूचा नसेल कशावरून?

येथेही रीत कामाला आली. राणू धोंडीने मुलाला नाव ठेवायचे तर आपल्या बापाचे, धोंडीचे ठेवले असते; चुलत्याचे ठेवण्याचे कारण नव्हते. शिवाय धोंडीच्या मयताची नोंद १९३४ ची, म्हणजे १९२० साली तो हयात होता. त्याच्या घरी पहिला मुलगा १९२२ चा, तो १९२८ साली सहा वर्षांचा. रजिस्टरातील वय आठ. तेव्हा शाळेतला भिवा हा राणू भिवाचाच. रीतीने दिशा दाखवली आणि तारखेने शिक्कामोर्तब केले. रीत एकटी असती तर आम्ही शपथेवर लिहून दिले नसते.

१९३० नंतरच्या एका वतनाच्या कागदावर नुसतेच "राणू महार" असे होते. हा कोणता राणू? भिवाचा की धोंडीचा? ठरवता आले नाही. हिशेबात ज्या रकमेचे खाते कळत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्याला टाकतो. तसा तो कागद बाजूला ठेवला, जोडला नाही. मोह झाला होता, कारण कागद जुना आणि शिक्का ठळक. पण मोहानेच पहिली चूक झाली होती.

सुधारित प्रतिज्ञापत्रात मग असे लिहिले : राणू, त्याचे मुलगे भिवा (मयत १९१८) व धोंडी (मयत १९३४), भिवाचा राणू, राणूचा भिवा उर्फ दगडू (जन्म १९२०), त्याचा राणू (जन्म १९४७), त्याचा सिद्धार्थ, त्याची प्रज्ञा. आत्याबाईंचे वेगळे प्रतिज्ञापत्र "उर्फ" साठी जोडले. त्यांनी अंगठा न लावता सही केली. "बा गिरनीत व्हता तरी मला चौथीपातूर शाळंत धाडलं," असे त्या त्या वेळी म्हणाल्या. प्रमाणपत्र मिळाले. प्रवेशाची पहिली फेरी मात्र आमच्या चुकीने हातची गेली. दुसऱ्या फेरीत जागा मिळाली, ती घरापासून लांबच्या महाविद्यालयात. मुलगी काही बोलली नाही, पण आम्हाला ते लागले आणि म्हणूनच हे लिहिणे.

घरी बसून करण्याजोगे काम

ज्यांना आपली वंशावळ नीट लावायची आहे त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

१. नाव कधीही एकटे लिहू नये. बापाचे नाव आणि एक तरी साल जोडावे. दोन नोंदींतील सालांमध्ये एका माणसाचे आयुष्य बसते का, हे आधी तपासावे. आम्ही एवढे केले असते तर पुढचे सर्व टळले असते.

२. आजोबाच्या मृत्यूनंतर पहिला नातू कोणाला झाला ते पाहावे. त्याचे नाव बहुधा आजोबाचे निघेल. कोऱ्या जागेत कोणते नाव असावे याचा अंदाज त्यावरून येतो. पण अंदाजाला दुसऱ्या कागदाचा दुजोरा हवाच.

३. चुलत भावांची नावे सारखी असली तर ती चूक समजू नये. दोघांचा आजोबा एक असल्याची ती खूण असू शकते. तसेच एक मूल वारल्यावर पुढच्या मुलाला तेच नाव ठेवल्याचीही उदाहरणे असतात. जन्माच्या दोन नोंदी मिळाल्या म्हणून एक खोटी ठरत नाही.

४. जुन्या कागदातील शब्द शिकून घ्यावेत. "वलद" किंवा "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा. "कोम" किंवा "भ्रतार" म्हणजे अमक्याची बायको. सातबारावरचे "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, त्यापुढे आईचे नाव असेल तर बाप त्या आधीच वारला असण्याचा संभव मोठा. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, त्याच्या एकट्याच्या नावामागे सगळे भाऊ उभे असतात.

५. लिहिण्यातील फरकाने फसू नये. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे काढीत नसत. राणू, रानू, राणु एकच. आपल्याकडे अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या कानडी बाजूला भिवाचा भिमण्णा, सिद्रामाचा सिद्राप्पा सहज होतो. शाळामास्तर रामाचा रामचंद्र करीत. त्याही आधी आपल्या माणसांच्या नावांना "नाक" लागत असे. भीमा कोरेगावच्या स्तंभावर ती नावे आजही वाचता येतात. पुढे "नाक" जाऊन "बा", "जी", "राव" आले. माणूस तोच राहिला.

६. आडनावावर विसंबू नये. जुन्या नोंदीत आडनावाच्या जागी जातच लिहीत. आडनाव पुढे कोणी कुळावरून लावले, कोणी गावावरून. परमपूज्य बाबासाहेबांचे घराणे सकपाळांचे. गाव आंबडवे. आजोबा मालोजी, वडील रामजी. पण साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी नाव दाखल आहे ते "भिवा रामजी आंबेडकर" असे. तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. भिवा आणि भीमराव एकच, सकपाळ आणि आंबेडकर एकच, हे जगाला ठाऊक आहे म्हणून कोणी त्रुटी काढीत नाही. आपल्या आजोबाच्या बाबतीत ते आपल्यालाच सिद्ध करावे लागते.

रीत बदलली, काम संपले नाही

बाबासाहेबांच्या घरातही पाहा. यशवंतरावांचा जन्म डिसेंबर १९१२ चा, तेव्हा सुभेदार रामजी हयात होते. ते फेब्रुवारी १९१३ मध्ये गेले. पुढे यशवंतरावांच्या मुलांत एक भीमराव झाले. भीमराव रामजी आणि भीमराव यशवंत, आजोबा आणि नातू. बापाचे नाव मध्ये आहे म्हणून घोटाळा होत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर मात्र आपल्या घरांतील नावांचे चाक थांबले. राणू-भिवा-राणू-भिवा-राणू असे चालत आलेल्या घरात सिद्धार्थ आला, मग प्रज्ञा आली. गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, अशोक, सुजाता, संघमित्रा ही नावे आली. दगडू-धोंडूच्या लाजेतून लेकरे मोकळी झाली. ही मोठीच गोष्ट. पूर्वजाचे नाव सोडले म्हणून पूर्वज सोडला असे नव्हे. उलट त्याला जे मिळाले नाही ते नाव नातवाला दिले. वंशावळीत एखादा सिद्धार्थ, एखादी संघमित्रा आढळली की ती पिढी १९५६ नंतरची असे बहुतेक वेळा धरता येते. हाही एक मैलाचा दगडच.

पण नवा घोटाळाही दिसू लागला आहे. सगळ्यांना आवडलेली नावे मोजकी. आमच्या एका गल्लीतच एका वयाचे तीन सिद्धार्थ आहेत, त्यातल्या दोघांच्या वडिलांचे नाव अशोक. पन्नास वर्षांनी त्यांच्या नातवंडांपुढे आमचेच कोडे येणार. यावर एक चांगला उपाय राज्य शासनाने २०२४ साली केला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असे लिहायचे ठरले. १९२० च्या कोतवाल बुकात आईच्या नावाला एक रकाना असता तर राणू भिवा की राणू धोंडी हा प्रश्नच पडला नसता. आपल्या आज्यांची नावे कागदातून पुसली गेली, त्याची किंमत त्यांच्या पणतीने प्रवेशाच्या पहिल्या फेरीत मोजली.

म्हणून विनंती एवढीच. या रविवारी एक दोनशे पानी वही घ्या. घरातील सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. आत्या असेल तर उत्तमच. कोणाचे नाव कोणाचे ठेवले, घरात काय म्हणत, आधीचे कोणी गेले होते काय, मानमोडीत कोण गेले, माहेर कोणते, हे विचारा आणि ती बोलेल तसे लिहून घ्या. आम्ही गेलो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आत्याबाई थकल्या, आता त्यांना माणसे नीट ओळखू येत नाहीत. आम्ही एक वर्ष उशिरा गेलो असतो तर दगडू राणू हा गिरणीतला एक अनोळखी माणूस म्हणूनच राहिला असता.